सरदाराची मागणी
वाचन : उत्पत्ती २९:१५ ते ३०:१३

दहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या पश्चिम प्रांतांचा कारभार एथेलवेर्ड नावाचा अँग्लो-सॅक्सन सरदार पाहत असे. ९९४ साली नॉर्वेच्या ओलाफशी समेट घडविण्यात त्याचा हात होता. त्याने लॅटिनमध्ये इतिहासही लिहिला; सरदार आणि ग्रंथकार हा योग त्या काळी विरळाच. त्याने एल्फ्रिक या मठवासी विद्वानाकडे मागणी केली, ती उत्पत्तीचे पुस्तक इंग्रजीत मिळावे अशी.

एल्फ्रिक कचरला. थोडेसेच लॅटिन जाणणाऱ्या एका धर्मगुरूने त्याला पूर्वी सांगितले होते की, याकोबाला चार स्त्रिया होत्या. ते खरेच, परंतु जुने नियमशास्त्र व नवा करार यांतील भेद त्या गुरूस उमगला नव्हता. सामान्य वाचकानेही याकोबाचे अनुकरण करावयाचे ठरविले तर? तरी एल्फ्रिकने इसहाकापर्यंतचा भाग भाषांतरित केला. पुढील भाग दुसऱ्या कोणी केल्याचे सरदारानेच त्याला सांगितले होते. प्रस्तावनेत मात्र त्याने विनविले की, यापुढे असे काम सांगू नये. लॅटिन व इंग्रजीची वळणे निराळी, हेही तो तेथे नमूद करतो. आम्हा भाषांतरकारांना तो येथे अगदी घरचा वाटतो.

वाचकहो, त्याची भीती पोकळ नव्हती. वरील वाचन करताना ती आपणासही जाणवेल. तथापि माझ्या मते सरदाराचीच बाजू बळकट आहे. धोका आहे म्हणून शास्त्र बंद ठेवले, तर अर्थ विचारावयास कोण येणार? अकराव्या शतकात उत्पत्तीपासून यहोशवापर्यंतच्या इंग्रजी भाषांतराची सुमारे ४०० चित्रांची प्रत तयार झाली. एल्फ्रिकची ती प्रस्तावनाही तीत आहे.