पोरं सुट्टीला येतील तेव्हा

चि. सायली हिस,


तुझी यादी पोचली. तंबू, टायरचा झोपाळा, फुगवायचा हौद, दोन सायकली, रंगांचे डबे. झोपाळा तेवढा राहू दे, बाकी खोड. तुझ्या भावाची दोघं आणि माझ्या लेकीची दोघं सांगोल्यापर्यंत रंग भरायला येणार नाहीत. ते त्यांना पुण्यात पैसे मोजून शिबिरात मिळतंच.

तू आक्काला पाहिलं नाहीस. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. मंगळवेढ्याबाहेर काळ्या रानात तिची वस्ती होती. माळवदाचं घर, पुढं कडुलिंब, एका अंगाला गोठा, मागं कडब्याची गंजी. परीक्षा संपली की आम्ही भावंडं सोलापुरातून एसटीनं तिच्याकडे. खेळणं म्हणावं असं तिथं काहीच नव्हतं. मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर पिकायची आणि फेब्रुवारी-मार्चातच निघून जायची. मे महिन्यात त्या रानाला अशा भेगा पडत की हात कोपरापर्यंत आत जाई. आक्का लांबूनच ओरडायची, "विंचवाचं घर हाय ते!" त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आक्का कधीच गेली होती. असती तर म्हणाली असती, मग भाव वाढला का?

मला त्या वस्तीची ओढ का लागली, याचा मी पुष्कळ विचार केलाय. तिनं आमचं मन रमवायला काहीही केलं नाही, हेच त्याचं कारण. पहिल्याच पहाटे तिनं वासराचं दावं माझ्या हातात दिलं. वासराला आधी लुचू द्यायचं, चारी सडांना तोंड लागलं आणि गाय पान्हवली की ओढून काढायचं, अन् धार काढून होईपर्यंत तिच्या तोंडापुढं धरून उभं राहायचं. ती त्याला चाटत राहते आणि दूध सोडते. सांगायला सोपं. पण ओढायचं नेमकं केव्हा? वासरू डोक्यानं कासेला ढुशा देत असतं, मग एकदम ढुशा थांबतात, शेपटी हलायला लागते, तोंडाच्या कडेला फेस येतो. तोच क्षण. लवकर ओढलं तर गाय दूध चोरते, उशीर झाला तर वासरूच पिऊन टाकतं. सुरुवातीला तेच मला ओढत गोठ्याबाहेर न्यायचं. आक्का चरवी गुडघ्यात धरून बघत बसायची, उठायची नाही. चरवी कमी भरली तर चहा कोरा. सगळ्यांना, तिच्यासकट. रागावणं नाही, टोमणा नाही. दुसऱ्या पहाटे दावं पुन्हा माझ्याच हातात.

म्हणून सांगते, पोरांना काम दे, आणि खरं दे. करमणुकीसाठी काढलेलं काम त्यांना तासाभरात कळतं. तुम्ही बागेचा आंबे बहार धरलाय, म्हणजे मे महिन्यात झाडं फळांवर असणार. ठिबकचे ड्रीपर तुंबलेत का हे ओळीनं बघत जाणं नऊ वर्षांच्या पोरालाही जमतं. एखाद्या झाडाखाली माती कोरडी दिसली तर त्यानं येऊन सांगायचं आणि तू त्याच्या शब्दावर उठून जायचं. त्याच्या मागून पुन्हा तपासत फिरू नकोस.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुणभुण सुरू होईल, बोअर होतंय म्हणून. डगमगू नकोस, मोबाइलही देऊ नकोस. दुपारभर लोळतील, भांडतील, मग आपापलं काहीतरी काढतील. खायचंही वेगळं करू नकोस. भाकरी, शेंगाची चटणी, एखाद्या सकाळी हुलग्याचं माडगं. नाक मुरडतील, भूक लागली की खातील.

१९७३चा मे महिना आठवतो. बहात्तरचा पाऊस गेला होता, विहिरींचे तळ दिसत होते, गावची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आई म्हणाली, यंदा पोरांना पाठवायचं नाही, त्यांच्यावर कशाला भार? आक्कानं निरोप धाडला, "येऊ देत, आमी खातो ते खातील." तिथं लाल मिलो ज्वारीची भाकरी होती, थापताना कडेला फुटणारी. तीच तिनं आम्हाला वाढली. पाहुण्यांसाठी म्हणून घरातली मूठभर मालदांडी काढली नाही. आम्हीही कुरकुरलो नाही, कारण घरच्यांच्या ताटात दुसरं काही नव्हतं.

आता तिचं एक मला तेव्हाही पटलं नव्हतं. माझे भाऊ जेवून उठले की थेट विहिरीवर. आम्ही पोरी उष्टी-खरकटी काढून, भांडी घासून मग मोकळ्या. मी पोहायला शिकले ती पुढं, शहरात, फी भरून. तुझ्याकडे ताटं ज्याची त्यानं घासावीत. धाकट्या आर्यनला कोण घासायला लावणार, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. तू लाव.

विहिरीवरून मुद्द्याचं सांगते, आणि हे उपदेश म्हणून ऐकू नकोस, अट म्हणून ऐक. तुमचं शेततळं मी दिवाळीत पाहिलं. जुनी विहीर बरी, तिला पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला काहीतरी लागतं. शेततळ्याचा कागद ओला झाला की शेवाळानं साबणासारखा होतो. उतार आहे म्हणून पोर सहज खाली जातं आणि वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. तुम्ही भोवती नुसती वीतभर तार ओढली आहे. पुरुषभर उंच जाळी हवी, दाराला कुलूप हवं, आणि काठाला खुंट्या मारून गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले हवेत. आत हवा भरलेल्या ट्यूबाही तरंगत ठेवा. फवारणीच्या औषधांची खोलीही कुलपात.

रात्री कुणालाही जमिनीवर झोपवू नकोस, कितीही हट्ट केला तरी. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. खाट आणि मच्छरदाणी हवी, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली. संडासला जाताना बॅटरी. कडब्यात हात घालायचा नाही. आणि देव न करो, काही झालंच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काही नाही. १०८ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, लस तिथं असते.

राहता राहिलीस तू. आमची सुट्टी असायची तेव्हा आक्काला सुट्टी नसायची. घरात करणारी ती एकटी आणि खाणारी तोंडं दुप्पट. तू असं करू नकोस. तुझ्या सुधीररावांना सकाळची भाकरी येत नसेल तर पोहे येतात, ते त्यांच्याकडे लाव. किराणा दोन्ही घरांकडून हक्कानं मागून घे, लाजू नकोस. माझ्या लेकीला मी सांगितलंय. दोन आठवडे पुरेत, महिनाभर ठेवायचा मोठेपणा पहिल्या वर्षी नको.

जाळीवाल्याकडून दर घेऊन मला कळव, निम्मे पैसे मी पाठवते. जाळी लागल्याचा फोटो आल्याशिवाय मी पोरांची तिकिटं काढणार नाही.

तुझी आत्या