संगणक म्हणतो ‘नोंद सापडत नाही’; मग काय करावे?



तोडणी प्रोग्राम लागला की आमच्या शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते : “साहेब, लावणीची नोंद केली, पावती खिशात आहे, आणि संगणक म्हणतो नोंद सापडत नाही!” सभासदाला वाटते नोंद पुसली गेली. बहुतेक वेळा तसे नसते. ‘सापडत नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्वी रजिस्टरच्या एका ओळीत सगळे मावत असे. संगणकात सभासद खाते, गाव, उसाची जात, हंगाम यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. ऊस नोंदीत त्यांचे फक्त सांकेतिक क्रमांक असतात. त्यातला एक जरी आपल्या यादीत मिळाला नाही, तरी सगळी नोंद अडते. आणि नेमके काय मिळाले नाही हे संगणक स्पष्ट सांगतोच असे नाही.

गेल्या गळितातले आमच्याच खात्याचे उदाहरण घ्या. एका सभासदाची आडसाली लावण यादीत दिसेना. कारकुनाने घाईने नवी नोंद केली, तिला लावण तारीख त्याच दिवसाची पडली. तोड तारखेच्या क्रमाने, म्हणून ऊस यादीच्या तळाशी गेला. तपासले तर मूळ नोंद जागेवरच! फक्त जातीचा जुना सांकेतिक क्रमांक बंद केलेला होता. तो चालू करताच नोंद दिसली. पण तोवर ऊस तीन आठवडे जादा रानात उभा राहिला. चूक आमची, सोसले सभासदाने.

म्हणून आता तपासणीचा क्रम ठरवला आहे :

१) हंगाम : जुलै २०२४ ची आडसाली २०२५-२६ च्या गळिताची. ती २०२४-२५ मध्ये शोधली तर मिळणारच नाही.

२) खाते क्रमांक : ००४२५ आणि ४२५ आपल्याला एकच, पण संगणकात क्रमांक अक्षरांसारखा साठवला असेल तर ते दोन वेगळे. पावतीवर जसा आहे तसाच टाकावा.

३) मोबाईलवरची नोंद : रानात रेंज नसेल तर नोंद मोबाईलमध्येच अडकून राहते. ती मुख्य संगणकात पोचली का, हे पाहावे.

४) अधिकार : एका गट ऑफिसच्या कारकुनाला दुसऱ्या गटाच्या नोंदी दिसत नाहीत. रान कोणत्या गटात येते ते विचारावे.

५) जोड याद्या : गाव व जात यांचे क्रमांक चालू आहेत का, हे मुख्य कार्यालयाने पाहावे.

एवढे करूनही नोंद मिळाली नाही, तरच ती पुसली गेली असे धरून जुन्या साठवणीच्या प्रतीतून काढावी.

तोवर नवी नोंद करू नये, सभासदांनीही तसा आग्रह धरू नये. एकाच रानाच्या दोन नोंदी झाल्या की क्षेत्र दुप्पट दिसते, उसाचा अंदाज चुकतो आणि मूळ लावण तारखेचा हक्क धोक्यात येतो.

सभासदांनी एवढे करावे : पावती हाती पडताच खाते क्रमांक, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, जात व लावण तारीख तिथेच वाचून घ्या. पावती सातबाऱ्याइतकीच जपा. अडचण आली तर पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा लिहून आणा किंवा फोटो काढा. ‘संगणक बंद आहे’ एवढ्या निरोपावर आम्हाला काही शोधता येत नाही.

नोंद शोधणे हे आमचे काम आहे. पावती दाखवून ते आमच्याकडून करून घेणे हा तुमचा हक्क आहे.

– ऊस विकास अधिकारी