मका कोठे गेला?

समजा, भुसावळच्या एका विद्यार्थ्याने पिकांवरील निबंध टंकलेखन केंद्रात संगणकावर टाइप करून घेतला. उद्या तो विज्ञान प्रदर्शनात मांडायचा आहे. शाळेत फाइल उघडून पाहतो, तर 'मका' या शब्दाच्या जागी इंग्रजी ई, डी, के! अशा वेळी घाबरून सारे पुन्हा टाइप करू नका, बरे का. मजकूर शाबूत आहे.

संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, क्रमांक साठवितो. केंद्रात वापरलेल्या कृतिदेव फाँटने इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक घेतले आहेत: म १०१, क १००, काना १०७. त्यांना मराठी रूप देणारा फाँट शाळेत नाही, एवढेच. ओळ निवडा, फाँटच्या चौकटीत कृतिदेवचे नाव बहुधा तसेच दिसेल. तो फाँट संगणकात बसवा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मका परत येतो.

१९९१ साली निघालेल्या युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तेथे एक मराठी फाँट नसला तर दुसरा चालतो. मात्र कृतिदेवच्या मजकुराला नुसता युनिकोड फाँट लावून भागत नाही. क्रमांकच बदलावे लागतात. हे काम परिवर्तक करतो. नंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या तेवढ्या तपासाव्यात, कारण कृतिदेवमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर.