घरच्या घरी विजयंत: बारकाव्यांवर किती खर्च करावा?

मोटारी बसल्या, पट्टे फिरले, रिमोटवर रणगाडा वळू लागला, तरी सनबोर्डची सपाट अंगं त्याचं खेळणंपण लपू देत नाहीत. दीड ते दोन हजार रुपयांत हे रूप पालटतं, फक्त पैसे योग्य जागी पडायला हवेत. इथला हिशोब १:१६ प्रमाणातल्या विजयंत रणगाड्याचा आहे. भाव ठोकळमानाने दिलेत, गावागणिक ते बदलतील.

पहिला खर्च प्रवासाचा करा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंत, सेंच्युरियन आणि १९६५च्या युद्धात हाती लागलेला पॅटनही पाहायला मिळतो. इंजिनावरच्या जाळ्या, झाकणांच्या बिजागऱ्या, मागचे हुक हे सगळं मागून-बाजूने फिरून पाहिल्याशिवाय कळत नाही. फोटोंची परवानगी दारावरच विचारा आणि वही न्याच. विजयंतचं टरेट पोलादी पत्रे जोडून केलेलं, सेंच्युरियनचं ओतीव. तुम्ही कोणता करताय त्यावर पुढचं काम ठरतं.

जोडकामाची शिवण एम-सीलने उत्तम होते. मळून शेवयांसारखी बारीक वळी करायची, सांध्यावर दाबायची आणि ओली असतानाच बोथट सुरीने एकमेकांलगत आडवे ठसे उमटवायचे. पन्नास रुपयांत सगळा रणगाडा होतो. ओतीव टरेट असेल तर पातळ पुट्टी लावून जुन्या टूथब्रशने ठोकून खडबडीत करा. माझ्या मते पैशाला सर्वांत जास्त मोल इथे मिळतं, आणि नेमकं हेच काम लोक टाळतात. गोल डोक्याच्या बोल्टसाठी नेलआर्टचे दीड मिलिमीटरचे अर्धगोल मणी घ्या. पाकीट शंभराच्या आत येतं.

काहीही विकत घेण्याआधी खरं माप सोळाने भागा. विजयंतची रुंदी सुमारे ३.१७ मीटर, म्हणजे तुमची १९८ मिलिमीटर. तोफ १०५ मिलिमीटरची, म्हणून नळीचं भोक साडेसहाचं. वीस लिटरचा जेरीकॅन तीन सेंटिमीटरहून किंचित कमी उंच. ओढायचा पोलादी दोर खऱ्यात इंचभर जाड असतो. सायकलच्या ब्रेकची आतली तार साधारण दीड मिलिमीटरची, वीस-चाळीस रुपयांना मिळते आणि अगदी चपखल बसते. नायलॉनचा दोरा नको, रंग दिल्यावरही त्याची कुसं दिसतात.

फावडं, टिकाव, कुऱ्हाड आइस्क्रीमच्या काड्या आणि डब्याच्या पत्र्यातून होतात. हातात तेवढी सफाई नसेल तर थ्रीडी प्रिंट करून घ्या. किरकोळ भागांचे तीन-चारशे रुपये धरा. परदेशी बनावटीचा सैनिक मात्र एकटाच बाकी सगळ्या बारकाव्यांइतका महाग पडू शकतो. तो न घेता टरेटचं झाकण बंद ठेवा, काही बिघडत नाही.

रंगात कंजुषी करू नका. प्रायमर, ऑलिव्ह हिरवा आणि वरून मॅट लॅकर, तिन्ही स्प्रे मिळून सात-नऊशे होतात. चकाकी राहिली की प्रमाण मोडतं, म्हणून मॅटच हवं. एका रणगाड्यासाठी तीन-पाच हजारांचा एअरब्रश संच घेऊ नये. धुळीला गेरू आणि मुलतानी माती पुरते.

दिव्यांचे तीन मिलिमीटरचे एलईडी पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतात. ते रेझिस्टरशिवाय बॅटरीला जोडू नका. इंजिनाच्या आवाजाचं एमपी-थ्री मॉड्यूल आणि छोटा स्पीकर मिळून अडीच-तीनशे. हौस असेल तरच घ्या.

हा रणगाडा धावणार आहे, हे चिकटवताना लक्षात ठेवा. पट्टा आणि वरचा पत्रा यांत चिखलापुरती जागा हवी. टरेट पूर्ण फिरवून कुठे अडतं का पाहा. बॅटरीच्या झाकणावरचं सामान फेविक्विकने नव्हे, लहान निओडिमियम चुंबकांनी बसवा. एकाला पाच-दहा रुपये पडतात. अँटेनाला गिटारची बारीक तार चालते, पण टोकावर एम-सीलचा थेंब द्या. लहान मुलं तिच्यावर वाकून पाहतात.