जलसंजीवनी

प्रस्तावना

मोठ्या संकटावरचा उपायही मोठा, खर्चिक आणि अवघड असला पाहिजे, असा सर्वसाधारण समज आढळतो. विज्ञानाचा इतिहास मात्र अनेकदा वेगळी साक्ष देतो. स्वयंपाकघरातील मीठ, साखर आणि पाणी यांच्या योग्य मिश्रणाने जगभरातील कोट्यवधी रुग्णांचे प्राण वाचवले. या साध्या उपायाचा शोध कसा लागला आणि तो घरोघरी कसा पोहोचला, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

मूळ पाठ

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, मुक्तिसंग्राम पेटला. लाखो लोक जीव मुठीत धरून सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधील सीमेलगतच्या छावण्यांत माणसांची दाटी झाली. त्यातच पावसाळा सुरू झाला. पिण्याचे पाणी दूषित झाले आणि पटकीची साथ पसरली.

पटकीच्या रुग्णाला सतत जुलाब व उलट्या होतात. शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने बाहेर पडतात. ही झीज वेळीच भरून निघाली नाही, तर धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. त्या काळी यावर शिरेतून सलाईन देणे हाच मान्य उपचार होता. त्यासाठी निर्जंतुक द्रावणाच्या बाटल्या, सुया, नळ्या आणि प्रशिक्षित माणसे लागत. बनगाव येथील लहानशा रुग्णालयात यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. खाटा केव्हाच भरल्या होत्या. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते.

कोलकात्याहून मदतीसाठी आलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे बिकट प्रश्न उभा राहिला. सलाईनचा साठा संपत आला होता आणि रुग्णांची रीघ थांबत नव्हती. तोंडावाटे क्षारयुक्त पाणी देण्याचा मार्ग त्यांना ठाऊक होता. त्यामागील विज्ञान असे आहे : लहान आतड्याच्या पेशी मीठ आणि ग्लुकोज ही दोन्ही द्रव्ये एकत्र शोषून घेतात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही शरीरात ओढले जाते. नुसते मीठपाणी प्यायल्याने हा लाभ होत नाही. साखरेची जोड मिळाली की होतो. पटकीतही आतड्याची ही वाट बंद होत नाही. हे तत्त्व १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडले होते. १९६८ साली ढाका येथे रुग्णांवर झालेल्या प्रयोगांतही अशा द्रावणाचा गुण दिसून आला होता. परंतु ते प्रयोग रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. छावणीतील गोंधळात, अप्रशिक्षित माणसांच्या हातून हे साधेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

डॉ. महालनबीस यांनी तो धोका पत्करला. दर लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरले. कोलकात्यात या मिश्रणाच्या पिशव्या भरण्यात आल्या. पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली जात. छावणीत ही पूड पिंपातील पाण्यात विरघळवली जाई. रुग्णाची आई, भाऊ किंवा पत्नी त्या पिंपातून पेला भरून आणीत आणि रुग्णाला घोटघोट पाजीत. ज्या हातांनी कधी औषध दिले नव्हते, त्याच हातांनी शुश्रूषेचे काम उचलले.

परिणाम लवकरच दिसू लागला. आधी सुमारे ३० टक्के रुग्ण मृत्यू पावत होते; नव्या उपचाराखालील रुग्णांत हे प्रमाण ४ टक्क्यांहून खाली आले. १९७३ साली या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात या द्रावणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. मराठीत त्याला ‘जलसंजीवनी’ असे समर्पक नाव लाभले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

परंतु शोध लागला म्हणजे काम संपले, असे होत नाही. जुलाब होत असताना पाणी पाजू नये, ही जुनी समजूत घराघरांत रुजलेली होती. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८०च्या दशकात या समजुतीलाच हात घातला. संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगावी फिरल्या आणि त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतील स्त्रियांना हे द्रावण शिकवले. तीन बोटांच्या चिमटीतले मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे सोपे प्रमाण त्यांनी सांगितले. विशेष म्हणजे द्रावण त्या स्वतः करून दाखवून थांबत नसत. प्रत्येक स्त्रीकडून ते करवून घेत. काही दिवसांनी तपासनीस येऊन तिला किती आठवते ते पाहत आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. किती घरे फिरलो यापेक्षा किती जणींना आले, हे महत्त्वाचे मानले गेले.

भारतात अद्याप बरेच काम शिल्लक आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार अतिसार झालेल्या पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ६१ टक्के बालकांनाच जलसंजीवनी मिळाली होती. म्हणजे दर पाच बालकांपैकी दोघे त्या पेल्यापासून वंचित राहिले. उपाय स्वस्त आहे, आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे. अंतर उरले आहे ते माहितीचे.

आरोग्य केंद्रात मिळणारी पुडी सर्वांत उत्तम. ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि २४ तासांच्या आत वापरावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये; जास्त मीठ घातक ठरते. बाळाचे स्तनपान चालू ठेवावे. बाजारातील गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. मूल निपचित पडले, त्याला पिता येईनासे झाले किंवा शौचावाटे रक्त पडले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

बनगावच्या छावणीत डॉक्टरांनी आपले ज्ञान रुग्णांच्या नातलगांच्या हाती सोपवले आणि म्हणूनच ते प्राण वाचवू शकले. ज्ञान जितके वाटावे तितके त्याचे बळ वाढते, याचा हा बोलका दाखला आहे.

शब्दार्थ

पटकी – कॉलरा हा रोग
अतिसार – जुलाब, हगवण
निर्जंतुक – रोगजंतू नसलेले
शुश्रूषा – रुग्णाची सेवा
समर्पक – अगदी योग्य

स्वाध्याय

१. बनगाव येथे सलाईनचा उपचार अपुरा का पडला?
२. मिठाला साखरेची जोड देणे का आवश्यक आहे?
३. ‘ब्रॅक’च्या शिकवण्याच्या पद्धतीचे वेगळेपण आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या परिसरातील दोन कुटुंबांना जलसंजीवनी कशी तयार करतात ते विचारा व त्यांची उत्तरे पाठातील माहितीशी ताडून पाहा.