अस्वलाच्या घरी दोन रात्री

(अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे डोंगराळ राष्ट्रीय उद्यान आहे. उन्हाळ्यात हजारो लोक तेथे तंबू ठोकून राहतात. एक खाला आणि खालूही तेथे जाऊन आले. एका रात्री त्यांच्याकडून एक चूक झाली. ती चूक कोणती आणि ती कोणाच्या जिवावर बेतली असती, हे खालाने आपल्या भाच्याला लिहिलेल्या या पत्रातून समजते.)

सान होजे, कॅलिफोर्निया
५ जुलै

प्रिय बेटा,
अनेक दुआ.

तुझे पत्र मिळाले. ते मराठीत आहे हे पाहून फार आनंद झाला. सरांनी पत्रलेखन शिकवले, म्हणून तू मला मराठीत पत्र लिहिलेस. मग मीही मराठीतच उत्तर लिहिते. मालेगावच्या उर्दू शाळेत मीही तुझ्यासारखीच मराठी शिकले. माझे काही चुकले तर सरांना विचारून दुरुस्त कर. पण हसू नकोस!

मे महिन्यात तुम्ही माथेरानला गेला होता. तेथे तू माकडांना आपल्या हाताने बिस्किटे दिलीस, असे तू लिहिले आहेस. त्याविषयी मला काही सांगायचे आहे. पण आधी आमच्या सहलीची हकिकत ऐक.

जूनच्या शेवटी आम्ही दोघे योसेमिटीला गेलो. तंबूत राहण्याची जागा खालूंनी कित्येक महिने आधी राखून ठेवली होती. फजरची नमाज पढून आम्ही मोटारीने निघालो. प्रथम सपाट शेते लागली. मग पिवळ्या गवताच्या टेकड्या आल्या. नंतर वळणावळणाचा घाट सुरू झाला. पाच तासांनी एका बोगद्यातून आम्ही बाहेर पडलो आणि समोरचे दृश्य पाहून खालूंनी मोटार बाजूला उभी केली.

समोर खोल दरी होती. डाव्या हाताला एल कॅपिटन नावाचा कडा उभा होता. एकाच दगडाची भिंत असावी तसा तो दिसतो. दरीच्या तळापासून त्याची उंची सुमारे ९०० मीटर आहे. दूरवर हाफ डोम नावाचे शिखर होते. घुमटाचा अर्धा भाग कोणीतरी कापून नेला आहे, असे ते दिसते. हे सारे डोंगर ग्रॅनाइट या कठीण दगडाचे आहेत. लाखो वर्षांपूर्वी येथे बर्फाच्या प्रचंड नद्या होत्या. त्या सरकत गेल्या आणि त्यांनी ही दरी कोरून रुंद केली.

दरीत योसेमिटी नावाचाच धबधबा आहे. तो तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर खाली येतो. डोंगरावरचे बर्फ वितळते, तेव्हा त्याला भरपूर पाणी असते. उन्हाळा संपत आला की तो बहुधा कोरडा पडतो. आपल्याकडचे धबधबे पावसाळ्यात वाहतात, इथला उन्हाच्या सुरुवातीला वाहतो. आहे की नाही गंमत?

या दरीत पूर्वी अहवाहनीची नावाचे आदिवासी लोक राहत होते. १८५१ साली हत्यारबंद गोऱ्या लोकांनी त्यांना येथून हाकलले. पुढे १८६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ही दरी लोकांसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. १८९० साली भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर यांनी येथे तीन रात्री उघड्यावर मुक्काम केला. त्यानंतर तीन वर्षांनी ही दरीसुद्धा राष्ट्रीय उद्यानात आली.

आमचा तंबू मर्सेड नदीजवळ पाइनच्या झाडांखाली होता. तो उभारताना आमची फार फजिती झाली. खालूंनी सगळ्या काठ्या उलट्या घातल्या! शेवटी शेजारच्या तंबूतील दोन मुलांनी येऊन मदत केली.

प्रत्येक तंबूजवळ एक मोठी लोखंडी पेटी असते. तिची कडी माणसाला उघडता येते, अस्वलाला येत नाही. खाण्याचे सर्व पदार्थ याच पेटीत ठेवायचे, असा येथे नियम आहे. केवळ खाण्याचेच नव्हे, तर साबण, दंतमंजन, केसांचे तेल आणि अत्तरसुद्धा! ज्याला वास आहे ते सारे पेटीत. रात्री मोटारीतही काही ठेवायचे नाही. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण असते. बंद मोटारीतील पदार्थाचा वासही त्याला येतो आणि तो पदार्थ मिळवण्यासाठी ते मोटारीचे दार वाकवून उघडते.

मी डाळ, तांदूळ, लोणचे, खजूर आणि अत्तराची कुपी असे सारे सामान पेटीत ठेवले. खिचडी खाल्ली, भांडी धुतली, खरकटे कचऱ्याच्या बंद पिंपात टाकले. "आता अस्वल आले तर उपाशीच जाईल," असे खालू हसून म्हणाले.

मध्यरात्री कसल्यातरी आवाजाने मला जाग आली. कोणीतरी पत्र्यावर नखे ओढत होते. मी तंबूच्या फटीतून पाहिले आणि काळजात धस्स झाले. आमच्या मोटारीशी एक अस्वल दोन पायांवर उभे होते! पुढचे पंजे त्याने काचेवर ठेवले होते. मी खालूंना हलवले.

"अहो, उठा! अस्वल आले आहे."

"घाबरू नका," ते हळूच म्हणाले. "मोठा आवाज करायचा. नियमांच्या कागदावर तसेच लिहिले आहे."

आम्ही दोघे ओरडू लागलो. मी पातेल्यावर पळी बडवली. शेजारचेही उठले आणि टाळ्या वाजवू लागले. अस्वलाने मान वळवून आमच्याकडे पाहिले. विजेरीच्या उजेडात त्याच्या कानातली छोटी खूणपट्टी चमकली. मग ते खाली उतरले आणि झाडांत दिसेनासे झाले. त्या रात्री पुन्हा झोप आली नाही.

"पण ते मोटारीकडेच का आले?" मी विचारले.

खालू काही बोलले नाहीत. त्यांनी मोटारीचे दार उघडले. आसनाखालून कागदाचा एक पुडा काढला आणि माझ्यापुढे धरला. बेटा, तुझ्या अम्मीने पाठवलेली ती लोणावळ्याची चिक्की होती! वाटेत खाण्यासाठी त्यांनी ती आसनाखाली ठेवली होती आणि तिथेच विसरली होती.

सकाळी उद्यानाची रेंजर आली. ती एक तरुण मुलगी होती. काचेवरचे पंजांचे ठसे तिने पाहिले.

"मोटारीत काही खाण्याचे होते का?" तिने विचारले.

पुडा तर आता पेटीत होता. खालू "नाही" म्हणाले असते, तरी तिला कळले नसते. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "होते. चूक माझी आहे. काय दंड असेल तो मी भरतो."

रेंजरने वहीत नोंद केली. मग ती शांतपणे म्हणाली, "दंड ही मोठी गोष्ट नाही. मोटारीचे नुकसान झाले तरी ती दुरुस्त होते. पण काल त्या अस्वलाला तो पुडा मिळाला असता, तर ते उद्या दुसरी मोटार फोडायला आले असते. परवा तंबूत शिरले असते. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल हळूहळू माणसाला भिईनासे होते. त्याला दूर सोडले तरी ते पुष्कळदा परत येते. मग लोकांच्या जिवाला धोका नको म्हणून आम्हांलाच त्याला मारावे लागते. आमच्या कामातील सर्वांत वाईट दिवस तोच असतो."

ती पुढे म्हणाली, "पूर्वी आम्हीही हीच चूक केली. १९२० नंतर येथे रात्री दिवे लावून अस्वलांना उष्टे अन्न टाकत आणि लोक तो तमाशा पाहत. १९४० साली ते खेळ बंद झाले, पण अस्वलांची सवय गेली नाही. १९९८ या एकाच वर्षात अस्वलांनी मोटारी आणि सामान फोडल्याचे दीड हजारांहून अधिक प्रकार घडले. मग आम्ही पेट्या वाढवल्या, प्रत्येक पाहुण्याला नियम समजावले. आता असे प्रकार नव्वद टक्क्यांहूनही अधिक कमी झाले आहेत. अस्वले तीच आहेत. माणसे सुधारली."

तिने दंड केला नाही, ताकीद दिली. खालूंनी आपली चूक कबूल केली, हे तिला आवडले असावे.

त्या दिवशी आम्ही व्हर्नल नावाचा धबधबा पाहायला गेलो. तेथे सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. पाण्याचे तुषार अंगावर येत होते आणि उन्हात इंद्रधनुष्य दिसत होते. मी चिंब भिजले, हसले. खालू मात्र गप्पच होते. "एका पुड्यासाठी बिचाऱ्याचा जीव गेला असता," एवढेच ते मधूनमधून म्हणत.

संध्याकाळी परतताना गवताळ मैदानाजवळ लोक थांबलेले दिसले. पुष्कळ दूर, मैदानाच्या कडेला एक अस्वल होते. ते पंजाने एक कुजलेला ओंडका उलटत होते आणि त्याखालच्या मुंग्या चाटून खात होते. मग ते गवत खाऊ लागले. येथील अस्वले काळ्या अस्वलांच्या जातीची आहेत, पण हे मात्र तपकिरी होते. तसा रंग येथे पुष्कळ अस्वलांचा असतो. रात्रीचे अस्वल हेच की दुसरे, ते सांगता येत नव्हते. आम्ही जवळ गेलो नाही. लांबूनच पाहिले. खालू बराच वेळ उभे होते. ते म्हणाले, "पाहा, त्याला आपली चिक्की नको आहे. त्याचे दस्तरखान त्याच्यासाठी आधीच मांडलेले आहे."

त्या रात्री शेजारी एक नवे कुटुंब आले. खालू स्वतः उठून त्यांच्याकडे गेले. "मोटारीत आसनाखाली एकदा नीट पाहून घ्या," असे त्यांनी सांगितले. आणि आपली चिक्कीची गोष्टही सांगितली. आपली चूक अनोळखी लोकांना सांगणे सोपे नसते, बेटा.

आता तुझी माकडे! माथेरानच्या माकडांना तू प्रेमाने बिस्किटे दिलीस, हे मला माहीत आहे. पण उद्या तेच माकड एखाद्या लहान मुलीच्या हातातला खाऊ ओढून घेईल, तिला ओरबाडेल. मग लोक त्याला दगड मारतील. दोष कोणाचा? पुढच्या वेळी खाऊ पिशवीत बंद ठेव आणि माकडांना झाडावरची पाने-फळे खाताना पाहा. ते पाहण्यात जास्त मजा आहे.

तुझ्या अम्मीला आणि अब्बांना आमचा सलाम सांग. धाकट्या बहिणीला प्यार. अम्मीला सांग, चिक्की फार चांगली होती. आम्ही ती घरी येऊन खाल्ली!

तुझी,
खाला

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट, वृत्तान्त
दरी – दोन डोंगरांमधील खोल जागा, वादी
कडा – डोंगराची उभी बाजू
धबधबा – उंचावरून पडणारे पाणी, आबशार
फजिती – गंमतीशीर गोंधळ
खरकटे – जेवणानंतर उरलेले उष्टे अन्न
विजेरी – हातातील विजेचा दिवा, टॉर्च
चटक – सोडवत नाही अशी आवड
ताकीद – पुन्हा चूक न करण्याची सूचना
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालाने पत्र मराठीत का लिहिले?
(आ) योसेमिटी धबधब्याला भरपूर पाणी केव्हा असते?
(इ) लोखंडी पेटीत कोणकोणत्या वस्तू ठेवायच्या असतात?
(ई) अस्वल मोटारीजवळ का आले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अस्वलाला पळवून लावण्यासाठी सर्वांनी काय केले?
(आ) माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाचे पुढे काय होते?
(इ) "अस्वले तीच आहेत. माणसे सुधारली." असे रेंजर का म्हणाली?

३. तुमचे मत लिहा.
खालूंनी आपली चूक लपवली असती, तर काय झाले असते?

४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(घुमटाचा, ग्रॅनाइट, मर्सेड, १८९०)
(अ) हे डोंगर ______ या कठीण दगडाचे आहेत.
(आ) खालांचा तंबू ______ नदीजवळ होता.
(इ) हाफ डोम शिखर पाहून ______ अर्धा भाग कापून नेल्यासारखे वाटते.
(ई) ______ साली भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

५. वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
जिवावर बेतणे, काळजात धस्स होणे, मान खाली घालणे

६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
खोल, कोरडा, कठीण, अनोळखी

७. 'सामान', 'नुकसान', 'कबूल', 'जमीन' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

उपक्रम
तुम्ही सहलीला गेला असाल, तर त्या सहलीचे वर्णन करणारे पत्र मराठीत आपल्या नातेवाइकांना लिहा. तेथील प्राण्यांशी व पक्ष्यांशी लोक कसे वागत होते, तेही लिहा.