पाळी जाण्याचं वय: पिशवी, हार्मोन आणि आपला निर्णय



गटाच्या बैठकीत आपण कर्जाचा हप्ता, बँकेचं काम, शेळ्या, शिलाई सगळ्यावर मोकळं बोलतो. पण पंचेचाळीशीची एखादी ताई पदरानं सारखा घाम पुसत बसली, तर तिला कोणी काही विचारत नाही, आणि तीही सांगत नाही. "वय झालं, चालायचंच" म्हणून विषय संपतो. मग त्रास वाढला की एकदम ऑपरेशनचीच गोष्ट निघते. म्हणून या वेळचा आरोग्य पाठ पाळी जाण्याबद्दल, म्हणजे रजोनिवृत्तीबद्दल.

पाळी जाते म्हणजे काय होतं?

पिशवीच्या (गर्भाशयाच्या) दोन्ही बाजूंना अंडाशय असतात. तिथं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. वय वाढलं की ते कमी होत जातं. पाळी आधी मागेपुढे होते, मग थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं म्हणायचं. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि १२ महिने पूर्ण होईपर्यंत दिवस राहू शकतात, हेही विसरू नका.

नागपूरचं ऊन की अंगातली आग?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर जातो, घाम तर सगळ्यांनाच येतो. मग फरक कसा ओळखायचा? पाळी जातानाची आग अचानक छाती, मान, चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटं राहते, घाम फुटतो आणि कधी नंतर थंडी वाजते. ती डिसेंबरच्या रात्रीही येते. सोबत झोपमोड, चिडचिड, धडधड, सांधे दुखणं, अंगाची जागा कोरडी पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ असे त्रास होऊ शकतात. सगळ्यांनाच होतात असं नाही. थायरॉइड वाढल्यावर किंवा रक्त कमी झाल्यावरही यातले काही त्रास होतात, म्हणून तपासणी करून घ्यावी.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी पडला तरी.
- पाळीत गाठी पडून खूप रक्त जातं किंवा आठ दिवसांच्या वर चालतं.
- संबंधानंतर रक्त जातं, घाण वासाचं पाणी जातं.
- स्तनात गाठ लागते.

यात कॅन्सरच असेल असं नाही. पण असला तर लवकर कळणं हाच मोठा इलाज.

"पिशवी काढून टाका" म्हटलं तर

बीड जिल्ह्यात ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्या बहिणींचं काय झालं ते आठवा. २०१९ साली शासनाच्या समितीपुढं आलं, की पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळी आली की मजुरी बुडते, पांढरं जातं, पोट दुखतं, आणि कॅन्सरची भीती घातली जाते. अशा कचाट्यात कितीतरी जणींनी तरुण वयातच ऑपरेशन केलं. पुढे ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं गरज नसताना पिशवी काढणं थांबवण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असा निकाल दिला.

कधी कधी पिशवी काढावीच लागते: कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधानं न थांबणारं रक्त जात असेल. पण नुसतं पांढरं जाणं किंवा पाळी मागेपुढे होणं, हे ऑपरेशनचं कारण नाही. म्हणून आधी हे विचारा:

१. मला नेमका आजार कोणता? सोनोग्राफीत काय दिसलं?
२. औषधानं काय होईल?
३. अंडाशय ठेवणार की काढणार?

तिसरा प्रश्न फार मोलाचा. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय काम करत राहतात. दोन्ही अंडाशयही काढले, तर पस्तिशीच्या बाईचं शरीरही एका दिवसात म्हातारपणाकडे ढकललं जातं. त्रास जोरात होतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. काय काय काढलं ते त्यात लिहिलेलं असतं. पुढचा उपचार त्यावर ठरतो.

हार्मोनचा उपचार

कमी झालेलं इस्ट्रोजेन गोळी, जेल किंवा पट्टीतून देतात. आग आणि घामासाठी यापेक्षा गुणकारी औषध नाही, आणि हाडंही सांभाळली जातात. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका होतो. पिशवी काढलेल्या बाईला बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. त्रास फक्त कोरडेपणाचा असेल तर तिथं लावायचं मलम असतं. ते अंगात फार थोडं जातं.

"हार्मोननं कॅन्सर होतो" असं आपण ऐकतो. ही भीती २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून पसरली. त्यात दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्या दर १०,००० बायकांत वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ जणी जास्त आढळल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. नंतर समजलं, की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर निरोगी बाईला बहुतेक वेळा धोक्यापेक्षा फायदा जास्त. लहान वयात अंडाशय काढलेल्यांनी पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घेण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं.

स्तनाचा किंवा पिशवीचा कॅन्सर झालेला, रक्ताची गुठळी, लकवा किंवा हार्ट अटॅक होऊन गेलेला, यकृताचा आजार असलेला, किंवा कारण न कळता रक्त जात असलेलं असेल, तर हे औषध सहसा देत नाहीत. अशांसाठी बिनहार्मोनची औषधं आहेत. बीपी, शुगर, खर्रा-तंबाखूची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. आणि शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. वर्षातून एकदा तपासणी हवीच.

घरचं बळ

या वयात दिवसाला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिळतं, एका पेला दुधातून २४०. तीळ, हिरव्या भाज्या, दही खा. कोवळ्या उन्हात चाला. रात्री चहा, तिखट कमी करा, सुती कपडे घाला.

कुठे जायचं?

गावात आशाताईंना सांगा. आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी मोफत होते. नागपुरात गांधीबागेतलं डागा स्त्री रुग्णालय, मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालयं आहेत. जाताना एकीनं सोबत जा.

पुढच्या बैठकीत बोला

१. आपल्या गटात किती जणींची पिशवी काढली आहे? कार्ड कुणाकडे आहे?
२. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, पण सांगितलं नाही, असं कोणी आहे का?
३. ऑपरेशनसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला आपण वरचे तीन प्रश्न विचारतो का? कर्ज अडवायचं नाही. पण सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला तिच्यासोबत गटातली एक जण गेली, तर ते हप्त्याइतकंच मोलाचं काम आहे.